अनोळखी घरी पाहुणे: भारतीय पासपोर्टवर स्वस्तात युरोप

युरोपात विमानाच्या तिकिटानंतरचा मोठा खर्च राहण्याचा. उन्हाळ्यात मोठ्या शहरांत हॉस्टेलच्या डॉर्ममधली एक खाट साधारण २५ ते ४५ युरोला पडते. त्यामुळे स्थानिक माणसाच्या घरी विनामूल्य राहण्याची कल्पना लगेच पटते. ती चालतेही. मात्र बजेट मांडताना एक नियम मोडू नका: यजमानाकडच्या रात्रीसुद्धा पैसे मोजून राहायच्या आहेत असं धरूनच आकडा काढा.

समजा १८ दिवसांचा प्रवास आहे, १७ रात्री, त्यातल्या ८ कुणाच्या घरी. तरी हिशोब १७ रात्रींचाच धरा. ३५ युरोच्या दराने ५९५ युरो. प्रत्यक्षात वाचलेले पैसे शेवटच्या आठवड्यात खुशाल खर्च करा. निदान तीन रात्रींचे पैसे मात्र वेगळ्या कार्डावर, वेगळ्या खिशात, न शिवता ठेवा. यजमान आजारी पडतो, त्याच्या घरी अचानक नातेवाईक येतात, कुणी उत्तरच देत नाही. आणि ज्याच्याकडे दुसऱ्या खाटेचे पैसे नाहीत, त्याला नको त्या घरातून रात्री दहा वाजता उठून निघता येत नाही. या पद्धतीत माणसं अडचणीत येतात ती बहुधा इथेच.

कोणत्या जाळ्यातून जायचं

या कामासाठी बऱ्याच संस्था आणि संकेतस्थळं आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

सर्वास ही सगळ्यांत जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवाइलर या अमेरिकी शांततावाद्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर ती सुरू केली. लोकांनी एकमेकांच्या घरी राहावं, ओळख वाढावी, युद्धाची वृत्ती कमी व्हावी हा हेतू. सदस्य होण्याआधी मुलाखत होते, प्रवासाला निघताना परिचयपत्र मिळतं आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. भारतातही तिची शाखा आहे. यजमान बहुतेक वयाने मोठे, कुटुंबवत्सल. चाळिशीपुढच्या जोडप्यांना आणि मुलांसह जाणाऱ्यांना आम्ही हीच सुचवतो. मुलाखत आणि कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

काउचसर्फिंग २००४ पासून चालू आहे. २०११ मध्ये ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि मे २०२० पासून बहुतेक देशांत सदस्यत्वाला पैसे पडू लागले. तरी मोठ्या शहरांत तिथे माणसं भरपूर सापडतात. बीवेलकम २००७ मध्ये सुरू झालं. ते ना नफा तत्त्वावर, स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं आणि विनामूल्य आहे. माणसं कमी, पण मनापासून उत्तर देणारी. ट्रस्टरूट्सही विनामूल्य आहे आणि तिथे हात दाखवून गाड्या थांबवत फिरणारे तरुण जास्त. सायकलने प्रवास करणार असाल तर वॉर्मशॉवर्स. ते फक्त सायकलस्वारांसाठी आहे.

काम करून राहण्याची सोय लावून देणारी संकेतस्थळंही आहेत: चार-पाच तास शेतात किंवा हॉस्टेलमध्ये काम, बदल्यात खाट आणि जेवण. पर्यटक व्हिसावर हे करू नका. पगार नसला तरी राहण्या-जेवणाच्या बदल्यातलं काम अनेक देशांत कामच मानलं जातं. सीमेवर तसं उघड झालं तर परत पाठवू शकतात. पाहुणा म्हणून भांडी घासणं वेगळं, ठरवून तास भरणं वेगळं.

प्रोफाइल आणि पहिले रेफरन्स

कोऱ्या प्रोफाइलला कोणी दार उघडत नाही. चेहरा स्पष्ट दिसणारे चार-पाच फोटो, काय काम करता, कोणत्या भाषा बोलता, घरी काय शिजवता, कशात रमता हे सगळं लिहा. "आय लव्ह ट्रॅव्हलिंग" या वाक्याने काहीच कळत नाही. "दिवाळी अंकासाठी चित्रं काढते" किंवा "सह्याद्रीत दर महिन्याला एक किल्ला" यावरून माणूस डोळ्यांसमोर येतो.

पुढचा प्रश्न रेफरन्सचा, म्हणजे आधी भेटलेल्या सदस्यांनी तुमच्याबद्दल लिहिलेल्या मताचा. हे निघण्याच्या दोन-तीन महिने आधी घरबसल्या जमतं. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, गोव्यात येणाऱ्या प्रवाशांना भेटा. शनिवारवाड्याभोवती फिरवा, मिसळ खायला न्या, लोकल कशी पकडायची ते दाखवा. घरात ठेवून घेणं शक्य नसेल तरी अशा भेटींचे तीन-चार चांगले रेफरन्स पुरतात. परदेशी पाहुण्याला घरात ठेवलंत तर त्याची माहिती २४ तासांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन भरावी लागते. हे घरगुती यजमानालाही लागू आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी घरमालकाला आणि सोसायटीला विचारा.

विनंती कशी लिहायची

पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन इथल्या यजमानांकडे विनंत्यांचा ढीग पडलेला असतो. त्याच प्रयत्नात लाइपझिग, फ्रायबुर्ग, गेंट, ग्राझ, बर्नो अशा मध्यम शहरांत जागा लवकर मिळते, आणि यजमानाकडे तुमच्यासाठी वेळही असतो. मोठं शहर पाहायचंच असेल तर तिथे हॉस्टेल घ्या आणि घरचा मुक्काम लहान गावी ठेवा. आमच्या मते हाच सर्वांत चांगला मेळ.

विनंती दोन ते तीन आठवडे आधी पाठवा. दोन महिने आधी विचारलं तर "तेव्हाचं अजून माहीत नाही" असं उत्तर येतं, आणि दोन दिवस आधी विचारलं तर निकडीचा वास येतो. एका शहरात एका वेळी चार-पाच जणांना, प्रत्येकाला वेगळं लिहून. एकाने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा.

मजकुरात काय हवं, त्याचा नमुना असा:

"मी पुण्याची, वय ३१, शाळेत गणित शिकवते. १४ ते १६ मे, दोन रात्री फ्रायबुर्गमध्ये आहे, एकटीच. तुम्ही घरी पाव भाजता आणि शेजारच्या मुलांना बुद्धिबळ शिकवता हे वाचलं. मीही शाळेत बुद्धिबळाचा वर्ग घेते, तुम्ही नवशिक्यांना सुरुवात कशी करून देता हे पाहायला आवडेल. दिवसा मी बाहेर असेन, संध्याकाळी एकदा तुमच्यासाठी जेवण करू शकते. मी शाकाहारी आहे, धूम्रपान करत नाही. १४ तारखेला साडेपाचच्या गाडीने पोचते. झोपायची व्यवस्था स्वतंत्र खोलीत आहे की बैठकीच्या खोलीत, ते कळवाल का? जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा."

तारखा, माणसं किती, कधी पोचणार, खाण्याची अडचण, झोपण्याची व्यवस्था आणि त्यांचं प्रोफाइल वाचल्याचा पुरावा, एवढं आलं की पुरे. मुक्काम दोन रात्रींचाच मागा. त्यांना वाटलं तर ते स्वतःच तिसरी देतात.

यजमानाचं प्रोफाइल वाचताना आधी नकारात्मक रेफरन्स उघडा, मग कोरडे. "घर स्वच्छ होतं, धन्यवाद" एवढंच लिहिणाऱ्याने बहुधा काहीतरी गिळलेलं असतं. एकट्या बाईने प्रवास करताना, एकट्या राहिलेल्या इतर बायकांनी काय लिहिलंय तेच मुख्य धरा. पुरुष यजमानाकडे फक्त तरुण मुलीच पाहुण्या म्हणून आलेल्या दिसल्या तर पुढे जा. "एकच पलंग आहे, चालेल ना" किंवा "इथे बोलण्यापेक्षा फोनवर बोलू" असं सुरुवातीलाच आलं तरीही पुढे जा. बोलणं संकेतस्थळावरच ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेच नोंद म्हणून उरतं.

व्हिसाच्या अर्जात राहण्याचं काय लिहायचं

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, अर्ज केंद्राचा आकार वेगळा. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी हलवा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर पहिल्यांदा जिथे शिरणार त्या देशाकडे. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं.

राहण्याच्या पुराव्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, यजमानाकडून अधिकृत निमंत्रण. फ्रान्समध्ये त्याला आतेस्तासियों दाक्युई म्हणतात. यजमान आपल्या नगरपालिकेत अर्ज करतो आणि ३० युरोंचा कर भरतो. हे पत्र असलं की फ्रान्स रोजच्या खर्चासाठी ३२.५० युरोंची सोय दाखवायला सांगतो. हॉटेलचं बुकिंग असेल तर ६५ आणि दोन्ही नसेल तर १२०. फरक मोठा आहे, पण संकेतस्थळावर ओळख झालेल्या माणसाला नगरपालिकेत खेटे घालायला सांगू नये. जुनी मैत्री किंवा नातं असेल तरच हा मार्ग.

दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या रात्रींचं खरं, रद्द करता येणारं हॉस्टेल बुकिंग, आणि ते भागेल इतके पैसे खात्यात. व्हिसा मिळाल्यावर एखाद्या गावी यजमान ठरला तर तेवढ्या रात्री मुदतीत रद्द करा. मात्र मुख्य देश बदलू नका. जर्मनीचा व्हिसा काढून सगळा मुक्काम इटलीत केला तर पुढच्या अर्जाला किंवा सीमेवरच प्रश्न येतात. एजंटकडची बनावट बुकिंगं घेऊ नका. दूतावास हॉटेलला फोन करतात, आणि खोट्या कागदावर आलेला नकार शेंगेनच्या सामायिक नोंदीत पाच वर्षं दिसतो.

विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगा. यजमानाचं पूर्ण नाव, पत्ता, फोन कागदावर लिहिलेला ठेवा. "मित्राकडे" म्हणून सांगितलं आणि आडनाव आठवलं नाही, तर पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. परतीचं तिकीट, विमा आणि पहिल्या दोन रात्रींचं हॉस्टेल बुकिंग हाताशी असलं की बहुधा तेवढ्यावर भागतं. पहिल्या दोन रात्री नेहमी हॉस्टेलमध्येच घ्या: विमान उशिरा येतं, झोप झालेली नसते, आणि अशा अवस्थेत अनोळखी घरी जाणं तुम्हालाही जड आणि त्यांनाही.

स्थानिक नोंदणीचा नियम देशागणिक वेगळा आहे. इटलीत परक्या नागरिकाला घरी ठेवणाऱ्याने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. एका रात्रीलाही ते लागू आहे आणि दंड यजमानाला होतो. चेकियात पाहुण्याने तीन कामकाजाच्या दिवसांत परदेशी नागरिकांच्या पोलिसांकडे नोंद करायची असते. यजमानाला माहीत नसेल तर तुम्ही आठवण करा, पासपोर्टची छायाप्रत तयार ठेवा.

घरात पाऊल ठेवल्यावर

शक्य तर पहिली भेट बाहेर, स्टेशनवर किंवा कॉफीच्या दुकानात ठरवा. दिवसाउजेडी पोचा. पत्ता, यजमानाच्या प्रोफाइलचा दुवा आणि पोचण्याची वेळ घरच्या एका माणसाला पाठवा आणि रोज ठरावीक वेळी एक निरोप टाका. पासपोर्ट, कार्डं, थोडी रोकड अंगावरच. मन कचरलं तर निघा, कारण द्यायची गरज नाही. युरोपभर तातडीचा क्रमांक ११२ आहे.

आता ज्याने सर्वांत जास्त नुकसान होतं ती गोष्ट: बाथरूम. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रियातल्या बहुतेक बाथरूमच्या फरशीला मोरीसारखा निचरा नसतो. पाणी फक्त शॉवरच्या कोपऱ्यात किंवा टबमध्ये जातं. पडदा टबच्या आत सोडून, उभं राहून, कमी दाबाने अंघोळ करायची, आणि बाहेर सांडलेलं पाणी लगेच पुसायचं. जुन्या इमारतीत लाकडी तक्तपोशी असते. फरशीवर तांब्याने पाणी ओतलं तर ते खालच्या घराच्या छतातून उतरतं आणि बिल यजमानाकडे येतं. टॉयलेटमध्ये जेट नसतो. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली सोबत ठेवा, तीही जपून वापरा. विमा घेताना "तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान" हे कलम किती रकमेचं आहे ते वाचा.

दुसरी गोष्ट किल्ली. तिथली दारं बाहेरून ओढली की आपोआप बंद होतात आणि किल्लीशिवाय उघडत नाहीत. कचरा टाकायला जातानासुद्धा किल्ली खिशात हवी, नाहीतर कुलूपवाल्याचे शंभराहून अधिक युरो जाऊ शकतात, रविवारी त्याहून जास्त. किल्ली हरवणं त्याहून वाईट: अनेक जर्मन इमारतींत एकाच किल्लीने मुख्य दार, तळघर आणि घर उघडतं, आणि ती हरवली तर सगळी कुलूपं बदलण्याचा खर्च मागतात. किल्ली दोरीने पिशवीच्या आत बांधून ठेवा.

जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. दुकानंही रविवारी बंद, म्हणून शनिवारीच सामान आणा. बाटल्या कचऱ्यात टाकू नका. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकल्या की पावती मिळते. यजमानाच्या घरात साठलेल्या बाटल्या परत करून आणल्यात तर त्याला खरी मदत होते.

भेट आणि जेवण

युरोपीय संघात प्रवाशाला सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडवडी, खवा, साजूक तूप घरीच राहू द्या. हापूसही नाही: ताज्या फळाला रोपसंरक्षण प्रमाणपत्र लागतं, केळी, नारळ, अननस असे मोजके अपवाद सोडून. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही त्यातच आल्या. शेंगदाण्याची चिक्की, चिवडा, चहा, गोडा मसाला, गूळ, सुके पोहे चालतात. भेट छोटीच असू द्या. महाग वस्तूने समोरच्याला ओझं होतं.

एक जेवण तुम्ही करा, आणि ते पिठलं-भात असू द्या. चार जणांना वाटीभर बेसन, साडेतीन वाट्या पाणी, एक मोठा कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन टेबलस्पून तेल, मोहरी, जिरं, हळद. मिरची एकच, बाकी वाढताना वेगळी. बेसन तुर्की किंवा आशियाई दुकानात मिळतं. पाण्यात आधी कालवून घेतलं की गुठळ्या होत नाहीत. त्या स्वयंपाकघरांत अडचण येते ती फोडणीची. खोली उघडी, शेगडी विजेची, छताला धुराचा भोंगा. सपाट विजेची शेगडी बंद केली तरी तापलेली राहते, म्हणून तेल धुरकटायच्या आत मोहरी टाका, झाकण ठेवा आणि पातेलं बाजूला सरकवा. पंखा चालू, खिडकी उघडी. हळद पांढऱ्या ओट्यावर पडली तर तत्काळ पुसा, नंतर डाग निघत नाही. आधी ॲलर्जी विचारा: दाण्याचं कूट अनेकांना चालत नाही, आणि आपल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, जे ग्लुटेन न चालणाऱ्यांना बाधतं.

खर्चाचं बाकी

कार्ड विनिमय-अधिभार (परकीय चलनात खर्च केल्यावर बँक लावते तो जादा आकार) नसलेलं घ्या. यंत्राने "रुपयांत की युरोत" विचारलं की नेहमी युरो निवडा, रुपये निवडले तर दर त्यांच्या मनाचा लागतो. जर्मनीत जास्त दिवस असाल तर डॉइचलांड तिकीट पाहा. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम, मेट्रो त्यावर चालतात, झाल्सबुर्गपर्यंतही जाता येतं. आयसीई या वेगवान गाड्यांवर मात्र चालत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारं सदस्यत्व आहे, त्यामुळे दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच विनामूल्य आहे, रेल्वेचा पहिला वर्ग सोडून.

निघताना चादर-उशीचे अभ्रे काढून घडी करा, ते कुठे ठेवायचे ते विचारा, किल्ली हातात द्या; पेटीत टाकायची असेल तर टाकल्याचा फोटो पाठवा. रेफरन्स दोन-तीन दिवसांत लिहा. झोपायची जागा कशी होती, घर स्टेशनपासून किती लांब, घरात कुत्रा-मांजर आहे का, यजमान किती वेळ सोबत होता, हे लिहा. पुढच्या प्रवाशाला याच गोष्टी लागतात. काही खटकलं असेल तर तेही नेमक्या शब्दांत लिहा. तुमच्यानंतर त्या दारात उभी राहणारी व्यक्ती तेच वाचून निर्णय घेणार असते. काउचसर्फिंगवर दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही मतं दिसतात, त्यामुळे समोरचा वाईट लिहील म्हणून गप्प बसायचं कारण नाही.